परतीचा रकाना

वेर्ण्याच्या पठारावर, औषधांच्या कारखान्यामागं
आमची पत्र्याची शेड.
चाचणी दहा ते बारा.
नंतर खालच्या वाड्यावरची बालवाडी झोपते,
तसं पंचायतीचं पत्रच आहे, दारामागं चिकटवलेलं.

इंजिन केवढं? सोललेल्या शहाळ्याएवढं.
आतलं चाक बशीहून लहान,
मिनिटाला एक लाख बारा हजार फेरे.
पातं आणि भिंत यांच्यात अंतर दोन केसांचं.
तीन झाले तर धग निसटते, रॉकेल फुकट जातं.
एक झाला
तर एप्रिलमध्ये झालं तसं होतं:
पत्र्याला अजून भोक आहे,
त्यातून साडेदहाला उन्हाची एक कांडी
थेट माझ्या वहीवर पडते.

वहीत दोन वर्षं एकच झटापट.
मिनिटाला सहाशे दहा ग्रॅम.
ज्वलनकक्षाच्या नळ्या वाकवल्या, पाचशे शहाण्णव.
भोकं तिरकी पाडली, पाचशे एक्क्याऐंशी.
मग आठ महिने काहीच नाही.
आठ महिने मी घरी जाऊन
गॅसची शेगडीसुद्धा संशयानं बघायचे.

कायतान फुर्ताद, कुठ्ठाळीचा.
एकतीस वर्षं बार्जवर इंजिनं सांभाळली,
जुना पिस्टन उलटा घालून त्यावर बसून जेवायचा म्हणे.
बार्ज थांबल्या, तो आमच्याकडे आला,
पहिल्या दिवशी इंजिन तळहातावर घेऊन म्हणाला,
हें कोणाचें पिल्लूं?

त्याला आलेख वाचता येत नाही.
जाड काचेपलीकडे उभा राहतो, कानात कापूस,
एक दिवस म्हणाला, रडतंय.
पडद्यावर सगळ्या रेषा सरळ.
मी म्हटलं, नाही हो.
तो म्हणाला, बंद कर.
उघडलं. बेअरिंगच्या सातव्या गोळीवर
खसखशीएवढा डाग.

तिथून सुटत गेलं. तेलाची वाट बदलली,
गोळ्या चिनी मातीच्या घातल्या,
आणि आगॉस्ताच्या एका बुधवारी
पाचशे अडतीस.
दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा केंकऱ्यांनी स्वतः मोजलं,
मग सगळ्यांना पाव आणि मिरचीची भजी.

भजी खात कायतान भिंतीवरचा कागद वाचत होता,
बोट ठेवून, शाळकरी पोरासारखा.
वजन. उंची. माल चार किलो.
पल्ला एकशे ऐंशी किलोमीटर.
टाकी अमुक लिटर.
ओठ हलत होते, हिशेब चालला होता.
मग तेलकट हात पुसत म्हणाला,
बाय, माल उतरवून बार्ज रिकामी येते.
रिकामी म्हणून फुकट येत नाही.
परत येवपाचें तेल खंय?

मी म्हटलं, आतमध्ये माणूस नसतो.
हें म्हाका खबर आसा, तो म्हणाला.
माणूस नसला म्हणून काय, इतकं चांगलं इंजिन.

त्याच्यामागं इंजिन निवत होतं.
एकदम थांबवत नाहीत त्याला,
छोटी मोटर चाक फिरवत ठेवते
शंभर अंशांच्या खाली येईस्तोवर,
नाहीतर उरलेली धग गोळ्यांना खाते.
टिकटिकत होतं.
मी वही उघडली. जाण्याचे आकडे होते,
दोन वर्षांचे, एकेका ग्रॅमनं कमावलेले.
उजवीकडे नवा रकाना आखला, वर लिहिलं: परत.
खाली काय लिहावं सुचेना.
चार किलो कशाचे हेही मला माहीत नव्हतं,
आणि मी कधी विचारलं नव्हतं.

रकान्यासकट तक्ता केंकऱ्यांना पाठवला.
सोमवारी परत आला.
पाचशे अडतीस ठळक केलेलं.
उजवीकडची कड नीट कापलेली.

चाचण्या चालू आहेत, दहा ते बारा.
कायतान हल्ली टाकी काठोकाठ भरतो,
लागतं त्याच्या दुप्पट.
कोणी विचारलंच तर म्हणतो, गळती धरून.
मीही वहीत तसंच लिहिते.